मटणावरचा शिक्का कुठे गेला? : नगरपरिषदांच्या मुख्याधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील 'ब' आणि 'क' वर्ग नगरपरिषदांचे मुख्याधिकारी, आरोग्य समित्यांचे सभापती आणि स्वच्छता निरीक्षक यांस

स. न. वि. वि.

१५ ऑगस्ट २०२५ रोजी कल्याण-डोंबिवली महापालिकेने चोवीस तासांसाठी मटण-चिकनची दुकानं आणि कत्तलखाने बंद ठेवायला लावले. मालेगाव, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही तसेच आदेश निघाले. १९८८ सालच्या जुन्या निर्णयाचा आधार सांगितला गेला, वाहिन्यांवर भांडणं झाली, सत्तेत बसलेल्यांचंही त्यावर एकमत नव्हतं. कोणी काय खावं, कधी खावं, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. माझं लक्ष दुसरीकडे गेलं. एका आदेशासरशी शहरातलं प्रत्येक चिकन सेंटर सापडतं, गल्लीतल्या शेवटच्या खाटकापर्यंत निरोप पोचतो, उघडं दिसलं तर कारवाईला माणसं निघतात. म्हणजे दुकानांची यादी आहे, माणसं आहेत, अधिकार तर आहेतच. हीच यंत्रणा वर्षाच्या उरलेल्या दिवशी दुकानात टांगलेलं मटण खाण्यालायक आहे की नाही एवढं बघायला का निघत नाही, हे मला विचारायचं आहे.

महापालिकांचं उदाहरण घेतलं, पण पत्र तुम्हाला लिहितोय. मुंबईत देवनारचा कत्तलखाना १९७१ पासून चालू आहे, तिथे निदान पशुवैद्यक असतात. पंचवीस हजार ते लाखभर वस्तीच्या गावांकडे कोणी बघत नाही. मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. अशा गावांमध्येच माझं आयुष्य गेलं. मटण मी खातो, आवडीने खातो. म्हणून तर लिहितोय.

पूर्वी सोललेल्या बोकडाच्या मांडीवर, मटण तपासून खाण्यालायक ठरवल्याचा निळा-जांभळा शिक्का असायचा. जुनी माणसं तो बघून मटण घ्यायची. आज तुमच्या गावात किती दुकानांत तो दिसतो, हे तुम्हीच एकदा रविवारी सकाळी पिशवी घेऊन बघून या. बरोबर शिपाई नको, गाडी नको.

हा शिक्का मारण्याआधी काय बघायचं असतं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण तपासणी म्हणजे दुकान झाडलेलं आहे का आणि परवाना भिंतीवर लावलाय का एवढंच, असा समज कार्यालयांमध्येही आहे. तपासणी दोनदा होते. पहिली जनावर जिवंत असताना. ते कसं उभं आहे, लंगडतंय का, नाकातून शेंबूड येतोय का, ताप आहे का, रवंथ करतंय का, शेळी गाभण आहे का. ही पाहणी टाळता येत नाही, कारण काही रोग कापल्यावर कळून उपयोग नसतो. फाशी झालेलं जनावर, ज्याला तुम्ही ॲन्थ्रॅक्स म्हणता, ते कापायचंच नसतं. त्याची कातडीसुद्धा काढायची नसते. सुरा लावला की कापणाराच पहिला सापडतो. आणि आजारी जनावर कापायला देणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. पावसाच्या तोंडाला आंत्रविषाराने, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाने, शेळ्या पटापट जातात. मेली तर शून्य रुपये, जिवंत आहे तोवर निदान दोन हजार, असा हिशेब गरीब माणूस करतो. परवाच तिला प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलेलं असतं. ते औषध अंगातून उतरायला ठरावीक दिवस लागतात, तोवर तिचं मटण विकायचं नसतं. खाटकाला ते कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही.

दुसरी तपासणी सोलल्यावर. कलेजी हाताने दाबून बघायची, पित्तनलिका कापून बघायची. तिथून कधी पानासारखे चपटे कृमी बाहेर येतात. फुफ्फुसावरून हात फिरवायचा, गाठ लागते का बघायचं. रसग्रंथींना चिरा द्यायचा, आत दह्यासारखं घट्ट किंवा चुन्यासारखं कडक काही निघालं तर क्षयाचा संशय. चरबी पिवळी जर्द असेल तर कावीळ. डुकराच्या मांसात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे फोड दिसतात का, ते बघायचं, कारण ते मांस नीट शिजलं नाही तर पुढे खाणाऱ्याच्या पोटात पट्टकृमी वाढतो. सवय असलेल्या माणसाला एका बोकडाला पाच मिनिटं लागतात.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर कधी चर्चा होत नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या कलेजीत, फुफ्फुसात पाण्याने भरलेली पांढुरकी गाठ सापडते. हायडॅटिड सिस्ट. खाटीक ती गाठ कापून दुकानामागे फेकतो, मागे बसलेली कुत्री ती खातात. त्याला वाटतं घाण टाकली, गिऱ्हाइकाला स्वच्छ माल दिला. पण त्या गाठीतून कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे बारीक कृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर, मातीत, कुत्र्याच्या केसांवर जातात. ते गवत शेळी खाते. त्या कुत्र्याला पोरं कुरवाळतात आणि तसेच हात तोंडात घालतात. मग कित्येक वर्षांनी कुणाच्या तरी यकृतात नारळाएवढी गाठ निघते आणि ऑपरेशन करावं लागतं. रोग मटण खाऊन होत नाही, हे लक्षात घ्या. मटण खाणारा सुटतो आणि कधी मटणाला हातही न लावणाऱ्या घरातलं पोर सापडतं. हे चक्र तोडायला महागडं यंत्र लागत नाही. गाठ असलेली कलेजी ओळखणारा माणूस हवा, ती टाकायला झाकणाचा डबा हवा आणि तो डबा कुत्र्यांना पोचणार नाही अशा ठिकाणी रिकामा व्हायला हवा. नगरपरिषदेच्या आवाक्याबाहेरचं यात काय आहे, मला दिसत नाही.

शिवाय कापलेल्या जनावरांत काय सापडलं याची नोंद झाली, तर त्यातून आसपासच्या गावांची तब्येत कळते. अमुक गावाच्या शेळ्यांत सारखे चपटे कृमी निघतायत, म्हणजे तिथल्या तळ्याकाठच्या गवतावर आणि हे कृमी ज्यांच्यात वाढतात त्या गोगलगायींवर शंका घ्यायची, धनगराला जंताचं औषध वेळेवर द्यायला सांगायचं. दवाखान्यात बसून जे मला वर्षभर कळायचं नाही, ते कत्तलखान्यात एका आठवड्यात कळलं असतं. पण रजिस्टरच नसेल तर कळणार कसं?

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असावा. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि कत्तलखान्यांचं नियमन ही दोन्ही कामं नगरपालिकांच्या यादीत आहेत. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार शहराच्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापायचं नाही, गाभण किंवा तीन महिन्यांखालचं कापायचं नाही आणि पशुवैद्यकाने योग्य ठरवल्याशिवाय कापायचं नाही. एका पशुवैद्यकाने तासाला बारापेक्षा आणि दिवसाला शहाण्णवपेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत, इतकं बारीक त्यात लिहिलंय. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून. त्याच्या नियमांमध्ये मांसाच्या दुकानांसाठी आणि कत्तलखान्यांसाठी वेगळं प्रकरण आहे, कापण्याआधीची आणि नंतरची तपासणी त्यातही आहे.

म्हणजे कायद्याचं ताट भरलेलं आहे, वाढणारे तिघं आहेत आणि पंगत उपाशी आहे. दुकानाची नोंदणी अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे. कत्तलखाना आणि स्वच्छता नगरपरिषदेकडे. पशुवैद्यक पशुसंवर्धन खात्याकडे किंवा जिल्हा परिषदेकडे. नगरपरिषदेत तक्रार केली की सांगतात, भेसळीचं एफडीए बघतं. एफडीएचं कार्यालय जिल्ह्याच्या गावी, तिथे अन्न सुरक्षा अधिकारी मोजके आणि त्यांच्यामागे मिठाई, दूध, गुटखा, तेल सगळंच. पशुसंवर्धनवाले म्हणतात, आम्हाला नगरपरिषदेकडून पत्रच आलं नाही. हे शेवटचं वाक्य मी स्वतः खुर्चीत बसून ऐकलंय आणि ते खोटं नव्हतं. पत्र खरंच आलं नव्हतं.

कोणी म्हणेल, नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा. जरूर पाठवा. पण अन्न विश्लेषकाला अहवाल द्यायला कायद्यानेच चौदा दिवसांची मुदत आहे. दुधाच्या भुकटीला किंवा तेलाच्या डब्याला ते चालतं. सकाळी सहाला कापलेलं मटण दुपारी दोनपर्यंत लोकांच्या पोटात गेलेलं असतं. अहवाल हातात येईल तेव्हा पुढे खटला चालेल, खाल्लेलं परत येणार नाही. मांसाच्या बाबतीत जागेवर बघणारा डोळा आणि दाबून बघणारा हात यांना पर्याय नाही आणि त्या माणसाला 'हे टाका' म्हणण्याचा अधिकार हवा. असुरक्षित वाटलेलं अन्न जागेवर जप्त करण्याचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला कायद्याने दिलेला आहेच. तो माणूस सकाळी सहाला तुमच्या गावात असेल अशी व्यवस्था मात्र कोणी केलेली नाही.

कोंबडीकडे येतो. आपल्याकडे सगळ्यात जास्त खाल्ली जाते ती ब्रॉयलर आणि सगळ्यात कमी तपासली जातेही तीच. कोंबडी हा कायद्याने 'प्राणी' आहे का, यावर २०२३ साली गुजरात उच्च न्यायालयात खल झाला आणि आहे असं तिथल्या सरकारला सांगावं लागलं. हसू येतं, पण दुकानात उभं राहिल्यावर प्रश्न खरा वाटतो, कारण बोकडासाठी निदान कागदावर कत्तलखाना असतो, कोंबडी रस्त्याच्या कडेला पिंजऱ्यातून काढून, मान चिरून, निळ्या पिंपात टाकतात. पिंप दिवसातून कितीदा धुतात ते विचारू नका. एकच ठोकळा, एकच सुरा, बादलीतलं तेच पाणी. कोंबडीच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सर्रास असतो, तो त्या पाण्यातून सगळ्या मालाला लागतो. चांगलं शिजवलं की मरतो. पण कच्चं चिकन धुतलेल्या ओट्यावर चिरलेली कोशिंबीर कोण शिजवतो?

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड भागात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे, रुग्ण वाढले, संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काहींच्या नमुन्यांत हाच कॅम्पिलोबॅक्टर निघाला. मुख्य संशय पाण्यावर होता, पण गावोगावी चिकनची दुकानं ओस पडली. अधिकारी सांगत होते, नीट शिजवून खा. लोकांनी खाणंच बंद केलं. २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हा हेच झालं होतं, २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला कोंबड्या मेल्या तेव्हाही तेच. २०२० साली तर कोरोना आणि चिकनचा काही संबंध नसताना नुसत्या व्हॉट्सॲपच्या मेसेजवर ब्रॉयलर मातीमोल झाली, शेतकऱ्यांनी पक्षी फुकट वाटले, खड्ड्यात पुरले. रोज तपासणी होत असती आणि तिचा कागद दुकानात लागत असता, तर दुकानदाराकडे लोकांना दाखवायला काही तरी असतं. आज त्याच्याकडे देवाच्या शपथेशिवाय काही नाही.

गोव्यात २०१८ च्या जुलैमध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात छापा पडला, माशांत फॉर्मेलिन असल्याचं जागेवरच्या चाचणीत दिसलं आणि काही तासांत सरकारकडून ते मर्यादेत असल्याचा खुलासा आला. फॉर्मेलिन घालायलाच परवानगी नाही, मग मर्यादा कसली, असं लोकांनी विचारलं. पुढे बाहेरच्या राज्यांतून मासळी आणायला काही दिवस बंदी घालावी लागली. तपासणी करून निकाल फिरवला की तपासणी न करण्यापेक्षा जास्त नुकसान होतं, हे तिथल्या मासे विकणाऱ्या बायकांना विचारा.

आता मेलेल्या पक्ष्यांचं. पोल्ट्रीवाले त्याला मरतुक म्हणतात. उन्हाळ्यात गाडीत, पिंजऱ्यात, दुकानाच्या दारात पक्षी मरतात, त्यात कोणाचा गुन्हा नाही. ते पुढे कुठे जातात, हे तुमच्या किती निरीक्षकांनी कधी विचारलंय? एप्रिल २०१८ मध्ये कोलकात्याजवळ बजबजच्या कचरा डेपोतून मेलेल्या जनावरांचं मांस काढून ते विकलं जात असल्याचं उघडकीला आलं आणि शहरातली हॉटेलं रिकामी झाली. आपल्याकडे तसंच चालतं असा माझा आरोप नाही. आरोप एवढाच की चालत नसल्याचं सांगायला तुमच्याकडे एकही नोंद नाही. अयोग्य ठरवलेलं मांस रंग टाकून नासवायचं, म्हणजे ते कोणी परत उचलून विकणार नाही, आणि मग चुना टाकून खोल पुरायचं किंवा जाळायचं, ही साधी रीत आहे. घंटागाडीत टाकणं म्हणजे नष्ट करणं नव्हे.

मे २०२४ मध्ये मानखुर्दला रस्त्यावरचा शोरमा खाऊन एका एकोणीस वर्षांच्या मुलाचा जीव गेला. विकणाऱ्यांना अटक झाली, आठवडाभर गाड्यांवर छापे पडले. छापे पडतात तेव्हा फोटो येतात, जप्त मालाचे किलो छापून येतात. त्याच गाड्यांना माल देणाऱ्या दुकानाचं शीतकपाट रात्री बंद ठेवतात का, हे बघायला फोटोवाला येत नाही. चिरलेलं चिकन चार अंशांच्या खाली ठेवायचं असतं. थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो. स्वच्छता निरीक्षकाच्या खिशात तो असावा, ही अपेक्षा फार मोठी नसावी.

खाटीक मंडळींबद्दल एक बोलायला हवं. हे पत्र वाचून कोणी उद्या सकाळी टेम्पो घेऊन दुकानं सील करायला निघणार असेल तर कृपा करून निघू नका. पिढ्यान् पिढ्या हा धंदा करणाऱ्या माणसाला आजारी बोकड तुमच्या-माझ्याआधी ओळखता येतो. त्याला कापायला जागा द्या. अनेक गावांत नगरपरिषदेचा कत्तलखाना म्हणजे पत्रे उडालेली शेड, नळाला पाणी नाही, लाइट नाही, जाळी तुंबलेली. तो तिथे न जाता घराच्या मोरीत कापतो, यात त्याचा दोष किती? दुकान बंद केलं तर तो आणखी आत, आणखी अंधारात कापेल. रक्त नाल्यात जाईल, शिक्क्याची तर बातच सोडा. वर्तमानपत्रात मांस गुंडाळू नये, २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत तशी मनाई आहे, हे त्याला दंडाच्या पावतीऐवजी आधी बसून सांगता येतं. काम करणाऱ्या पोरांची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी नियमात आहे, ती तुमच्याच दवाखान्यात करून देता येते.

माणूस कुठून आणायचा, हा तुमचा पहिला प्रश्न असणार. समजा तुमच्या गावात रोज वीस बोकड कापले जातात. तासाला बारा या हिशेबाने दोन तासांच्या आत काम संपतं. रविवारी साठ कापले तर पाच तास. पूर्णवेळ पद लागत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकाला पहाटेच्या कामाचं मानधन देऊन किंवा एखाद्या तरुण खासगी पशुवैद्यकाला करारावर घेऊन हे भागतं. पदवी घेऊन बसलेले मुलं-मुली भरपूर आहेत. जनावरामागे थोडी फी लावा, खाटीक देतील. शिक्क्यामुळे गिऱ्हाईक वाढणार असेल तर कोणता दुकानदार नाही म्हणेल? पण त्यासाठी आधी ठराव हवा आणि पशुसंवर्धन खात्याला ते न आलेलं पत्र जायला हवं. निर्यातीचं म्हशीचं मांस पशुवैद्यकाच्या आरोग्य प्रमाणपत्राशिवाय जहाजावर चढत नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी आपल्याला जे जमतं, ते आठवडे बाजारातल्या पाव किलोवाल्यासाठी जमवायला हरकत नसावी.

आखाड तोंडावर आला की तुमच्या गावात नेहमीच्या कित्येक पटींनी मटण खपतं. गटारीच्या दिवशी पहाटे चारपासून रांगा लागतात. जत्रांच्या बोकडांचा हिशेब तर कुठेच नसतो. निदान त्या दिवसांसाठी तरी या वर्षी पशुवैद्यक उभा करा, मग रोजचं बघू.

आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या कत्तलखान्याच्या नोंदवहीत, ती असेल तर, एखादं जनावर किंवा त्याचा एखादा अवयव 'खाण्यास अयोग्य' म्हणून नाकारल्याची शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे? सगळी जनावरं सगळी वर्षं निरोगी असूच शकत नाहीत. त्यामुळे नोंद नसेल तर तपासणी नाही, एवढाच अर्थ मी घेईन. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायला मला दहा रुपयेच लागतात. पण तुम्ही स्वतःहून ती तारीख नगरपरिषदेच्या फलकावर लावलीत, तर अर्ज करावा लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी